घराला पाणी

माझा भाऊ टेक्ससमध्ये घराला पाणी घालायचा. झाडांना नव्हे, हिरवळीला नव्हे, घराला. हे मी हॅमिल्टनच्या हॉस्पिटलातल्या आमच्या फार्मसीत एकदा चहाच्या सुट्टीत सांगितलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं की माझं इंग्रजी कमी पडतंय. "यू मीन द गार्डन?" असं एका बाईनं मला अगदी सांभाळून घेत विचारलं. मी म्हटलं, "नो, द हाउस." मग त्यांनी हसून विषय बदलला. माझं डोकं फिरलं. इंग्रजीवरून हसल्या असत्या तर मी सोडून दिलं असतं, पण माझ्या दादाबद्दल मी थापा मारतेय असं कुणाला वाटावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं.

खरं तर त्यात थाप काहीच नव्हती. डॅलसपासून खाली दक्षिणेला सॅन अँटोनिओकडे जाणारा काळ्या मातीचा एक लांबलचक पट्टा आहे. दादाचं गाव त्या पट्ट्यात, वेकोच्या अलीकडे. ही माती पाऊस पडला की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. आकसली की घराच्या कडेपासून सुटते, पायाची एक बाजू खचते, मग दारं लागेनाशी होतात आणि भिंतींना तिरके तडे जातात. म्हणून तिथले लोक घराभोवती भोकाभोकांची रबरी नळी टाकून ठेवतात आणि जुलै-ऑगस्टमध्ये संध्याकाळी तिचा नळ सोडतात. पाया ओलसर राहिला की घर जागेवर राहतं. दादा सिव्हिल इंजिनीअर. लोकांची खचलेली घरं तपासायची हाच पुढे त्याचा धंदा झाला, त्यामुळे स्वतःच्या घराच्या बाबतीत तो फार काटेकोर होता.

त्यानं मला हे पहिल्यांदा फोनवर सांगितलं तेव्हा मला मात्र अजिबात नवल वाटलं नाही. आम्ही वऱ्हाडातले. आमच्या गावची मातीही काळी, कपाशीची, आणि तितकीच लहरी. वैशाखात गावाबाहेरच्या शेतांना हात हात खोल भेगा पडायच्या. दादा आणि मी खिशातून चिंचोके घेऊन जायचो, भेगेत एकेक टाकायचो आणि कान लावून तो तळाला पोचल्याचा आवाज येतो का ते ऐकायचो. आवाज कधीच यायचा नाही. दादा म्हणायचा, "अमेरिकेत गेला तो." तो स्वतः पुढे शिकायला अमेरिकेत गेला, आणि फिरून फिरून पुन्हा तसल्याच मातीवर जाऊन बसला. तिथल्या पहिल्या उन्हाळ्यात अंगणाला भेग पडली तेव्हा त्यानं तिच्यात तिथल्या पेकानच्या झाडाचं अक्रोडासारखं एक फळ टाकलं आणि कान लावला. शेजारी काय म्हणाले असतील देव जाणे.

दादा माझ्याहून सात वर्षांनी मोठा. आई लवकर गेली, वडील मी कॉलेजात असताना गेले. माहेर म्हणून जे काही होतं ते दादा एकटाच, आणि तो पृथ्वीच्या त्या टोकाला. तिथला नागरिक झाल्याबरोबर त्यानं पहिलं काम काय केलं असेल, तर माझ्या नावानं अर्ज भरला. बहिणीला बोलावून घेण्याचा अर्ज. रांग अशी लांब की नंबर लागायला दहा-बारा वर्षं लागणार, हे त्यानं तेव्हाच सांगून टाकलं. माझं तेव्हा नुकतंच लग्न झालेलं. बारा वर्षं म्हणजे काय हे कळायचं माझं वयच नव्हतं. मला दादाच्या जवळ राहायचं होतं, एवढंच मला कळत होतं. त्याच्या गावात, जमल्यास त्याच्याच गल्लीत, आणि भाऊबीजेला त्याला पाटावर बसवून ओवाळायचं होतं.

न्यूझीलंड मध्येच आलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला इथे शिक्षण-अनुभवाचे गुण मोजून लोकांना घ्यायला लागले, तेव्हा नवऱ्यानं हिशेब मांडला की नंबर लागेपर्यंत मुंबईत धक्के खाण्यापेक्षा तिकडे जाऊ, परदेशाची सवय होईल, मग तिथून टेक्सस. मला पटलं. नवऱ्याला दुधाच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, मी इथल्या परीक्षा पुन्हा देऊन हॉस्पिटलात फार्मासिस्ट झाले, आणि आम्ही हॅमिल्टनमध्ये एक घर भाड्यानं घेतलं. तात्पुरतं.

हा तात्पुरता शब्द आमच्या घरात फार माजला होता. सोफा कुणाकडून तरी आलेला, कारण टेक्ससला काय सोफा नेणार? पडदे घरमालकाचे, कडेला बुरशीनं काळे पडलेले. हिवाळ्यात सकाळी काचांवरून पाणी ओघळायचं, मी जुन्या टॉवेलनं पुसत राहायची आणि मनात म्हणायची, थोडे दिवस. मागच्या अंगणात मेथी-कोथिंबीर सोडून मी काहीही पेरलं नाही. शेजारच्या म्हातारीनं लिंबाचं रोप देऊ केलं तेव्हा मी तिला सांगितलं की आम्ही जाणार आहोत. पुढच्या वर्षी तिनं पुन्हा विचारलं. तिसऱ्या वर्षी तिनं ते रोप दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकलं.

टेक्सस मात्र कायमचं होतं. दादानं पाठवलेला तिथल्या रस्त्यांचा भलामोठा नकाशा स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला होता. दार लावलं की टेक्सस दिसायचं. त्याचा आकार मला इतका पाठ झाला होता की पोळी वाकडी लाटली गेली की नवरा म्हणायचा, "हं, झालं टेक्सस." वर चौकोनी शेंडी, डावीकडे एल पासोचं टोक, खाली मेक्सिकोच्या हद्दीवर रिओ ग्रँड, उजवीकडे पाइनची जंगलं आणि समुद्र. पश्चिमेला वाळवंट, मध्ये टेकड्या, आणि त्या टेकड्यांच्या पूर्वेच्या कडेनं उतरणारा आमचा काळा पट्टा. आमचा, असंच मी म्हणायची.

आणि मग ते पुस्तक आलं. टेक्ससमध्ये सातवीच्या मुलांना एक अख्खं वर्ष टेक्ससचाच इतिहास असतो. आमची मुलगी तिथे गेल्यावर मागे पडू नये म्हणून दादानं ते पाठ्यपुस्तक बोटीच्या टपालानं धाडून दिलं. मुलगी तेव्हा दुसरीत होती. पण आपल्या लोकांना अभ्यास आधीपासून सुरू केल्याशिवाय चैन पडत नाही, मग तो अभ्यास दुसऱ्या देशाच्या, दुसऱ्या राज्याच्या, पाच वर्षं पुढच्या इयत्तेचा का असेना. दर रविवारी जेवणं झाली की आमचा तास भरायचा. मुलगी पाय हलवत बसायची आणि मी नकाशावर लाटणं टेकवून विचारायची, "ही नदी कोणती?"

"ब्राझोस. आई, कॅन आय गो नाउ?"

"टेक्ससवर फडकलेले सहा झेंडे कोणाचे?"

"स्पेन, फ्रान्स, मेक्सिको, मग टेक्ससचा ओन झेंडा, मग अमेरिका, मग ते... कॉन्फेडरेट. प्लीज आई, सगळे पूलवर गेलेत. माझे टॉग्स पण घालून झालेत."

खरंच, फ्रॉकच्या आत तिनं पोहण्याचे कपडे घालून ठेवलेले असायचे.

शिकवता शिकवता मीच जास्त शिकले. मेक्सिकोपासून फुटून टेक्सस काही वर्षं स्वतंत्र देश होता, त्याची ऐट त्यांच्यात अजून आहे. अलामोच्या किल्ल्यातली लढाई ते हरले, पण कौतुक असं की जिंकलेल्या लढाईचंही कुणी करणार नाही. गुरांचे कळप हाकत महिनोन् महिने उत्तरेला नेणारे गुराखी, मग कापूस, मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला समुद्राजवळ जमिनीतून उसळलेलं तेल. पण मला सगळ्यात आवडायची ती दादानं फोनवर सांगितलेली गोष्ट. अमेरिकेत यादवी झाली, तेव्हा टेक्सस दक्षिणेच्या बाजूनं होतं. बंदरांची नाकेबंदी झाली, तिथला कापूस इंग्लंडला जाईना, आणि इंग्रजांनी मोर्चा वळवला तो वऱ्हाडाकडे. आमच्याकडची कपाशी एकदम सोन्यासारखी झाली, ती मुंबईला न्यायला रेल्वे पुढे सरकली, सरकी काढायची जिनं आली, गठ्ठे बांधायचे प्रेस आले. "म्हणजे पाहा," दादा म्हणाला, "इथल्या लोकांच्या भांडणामुळे आपल्याकडे गाडी आली. अन् त्याच गाडीत बसून मी इथं आलो." हे सांगताना त्याच्या आवाजात इतका आनंद होता, की जणू तिकडची आणि आमच्याकडची काळी माती सख्ख्या बहिणी असल्याचा कागद त्याला सापडला होता.

फोन दर रविवारी दुपारी व्हायचा. आमची रविवारची दुपार म्हणजे त्यांची शनिवारची रात्रीची जेवणाची वेळ. दादा मुलीला एक प्रश्न विचारायचा, ती दारामागे पळत जाऊन नकाशा बघून यायची आणि उत्तर द्यायची. त्याला ते कळायचं, पण तो "शाब्बास!" म्हणायचा.

दादाचं सगळं नेहमी सुरळीत होतं असंही नाही. तेल पडलं तेव्हा त्याची नोकरी गेली होती. तेल पडलं असं तिथे म्हणतात, भाव कोसळले की. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला ह्यूस्टनमध्ये लोक घरांच्या किल्ल्या बँकेला देऊन निघून जात होते. दादा आणि वहिनी तेव्हाच उत्तरेला सरकले, काळ्या मातीवर आले. मग ऑस्टिन-डॅलसकडे कॉम्प्युटरचे कारखाने आले, लोक आले, भराभर घरं उठली, आणि घरं उठली तशी ती खचायलाही लागली. दादाचं बस्तान बसलं. आणि बस्तान बसल्याबरोबर त्यानं घराच्या मागच्या अंगाला एक खोली बांधायला काढली.

खोली आमच्यासाठी होती. आम्ही आलो की पहिलं वर्ष-दोन वर्षं राहायला. वेगळं न्हाणीघर, अंगणात उघडणारं दार, आणि मुलीसाठी खिडकीखाली बसायचं बाक. वहिनीनं फोटो पाठवले. पण दादाच्या बोलण्यात खोलीपेक्षा जोड जास्त असायचा. जुन्या घराचा पाया वेगळा, खोलीचा वेगळा, दोन्ही लोखंडी सळ्यांनी शिवलेले. "नवं बांधकाम जुन्याला चिकटवलं की खरी परीक्षा जोडाची असते," तो सांगायचा. "दोन्हीकडची माती सारखी ओली पाहिजे. एक बाजू सुकली की खोली घरापासून सुटते." मी हूं हूं करत ऐकायची. त्याचं हे पाया-पुराण मला कंटाळवाणं वाटायचं, पण ते तो मलाच सांगत होता याचं सुख होतं.

मुलीला शाळेत एकदा आवडत्या जागेबद्दल बोलायचं होतं. ती टेक्ससवर बोलली. इतकं तपशीलवार बोलली की बाईंनी विचारलं, तू तिथे किती वर्षं राहिलीस? ती म्हणाली, "नेव्हर. बट आय हॅव अ रूम देअर." बाईंनी मला हे फाटकाशी गाठून हसत हसत सांगितलं. मीही हसले. गाडीत बसल्यावर मात्र मला रडू आलं, आणि का ते धड कळेना.

भाऊबीजेला त्या सगळ्या वर्षांत मी चंद्राला ओवाळलं. भाऊ जवळ नसला की चंद्राला ओवाळायचं, असं आमच्याकडे आहे. मागच्या अंगणात निरांजन घेऊन उभी राहायची. इथे बीजेची कोर आपल्याकडच्यापेक्षा उलटी कललेली दिसते. कुंपणापलीकडून म्हातारी हात करायची. मी मनात म्हणायची, अजून काही तासांनी हाच टेक्ससवर जाईल, तेव्हा दादा अंगणात असू दे.

अशी वर्षं गेली. दशक संपत आलं आणि एका रविवारी दादानं सांगितलं की नंबर जवळ आलाय, वर्षभरात कागद येतील. नवरा म्हणाला, "झालं तर मग." मुलगी उठून बाहेर गेली. ती आता खरोखरच सातवीच्या वयाची झाली होती. आणि जिनं बारा वर्षं या एका वाक्याची वाट पाहिली, ती मी फोन ठेवून मागे कोथिंबीर खुडायला गेले.

आनंद का होत नाही याची मी स्वतःला दहा कारणं दिली. तिसऱ्यांदा फार्मसीच्या परीक्षा द्यायच्या, या वयात. नवऱ्याची नोकरी. पण खरं कारण मला ऑकलंडमधल्या सँडरिंगहॅमहून, तिथल्या आपल्या किराणा दुकानांतून, परत येताना कळलं. महिन्यातून एकदा आम्ही ऑकलंडला जाऊन डाळी, रवा, कढीपत्ता घेऊन यायचो. वेळ असला तर अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात वांगी-भेंडीही. त्या दिवशी बॉम्बे हिल्स नावाच्या टेकड्या उतरलो, थोड्या वेळानं रस्त्याच्या कडेला नेहमीसारखी वायकाटो नदी आली, भरलेली, संथ, आणि मी पाय लांब करून म्हणाले, "आलं बाई घर एकदाचं." नवरा हसून म्हणाला, "कुठलं? टेक्सस?" मी चिडले. उगाच चिडले. हॅमिल्टन यायला अजून बराच वेळ होता, तोवर मी त्याच्याशी बोलले नाही.

कागदांचं समोरासमोर ठरवू म्हणून त्या दिवाळीत दादा स्वतः आला. वहिनीला रजा नव्हती, एकटाच आला. ऑकलंडच्या विमानतळावर दारातून बाहेर पडणारा टक्कल पडलेला माणूस माझा दादा आहे हे कळायला मला क्षणभर लागलं, याची मला लाज वाटली. त्यानं मात्र मला लांबूनच हाक मारली. मी सगळ्या लोकांदेखत त्याच्या गळ्यात पडले. गाडीत मुलीनं त्याला "कीया ओरा, मामा" असा माओरी नमस्कार केला आणि त्याच्या पायातल्या चपलांना "नाइस जँडल्स" म्हणाली. तो म्हणाला, "हे काय नवीन? हे आमच्या पुस्तकात नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर दादा घरात नाही. मागे गेले, तर त्याचे दोन पाय घराखालून बाहेर आलेले. हातात नवऱ्याची बॅटरी. इथली लाकडी घरं ठेंगण्या खांबांवर उभी असतात, जमीन आणि घर यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढी जागा असते. दादा कोपरांवर मागे सरकत बाहेर आला. टकलावर कोळ्याची जाळी, गुडघ्यांना माती, चेहरा आमच्या लहानपणीचा.

"हे घर तं जमिनीले टेकलंच नाही वं," तो म्हणाला. "खुंट्यांवर उभं हाये."

आम्ही दोघं असलो की असंच बोलतो. मी म्हटलं, "इथं सारे घरं असेच रायतात."

"मंग उचललं की चाललं!"

मी त्याला सांगितलं की खरंच तसं करतात, अख्खं घर ट्रकवर चढवून दुसऱ्या गावाला नेतात, मी पाहिलंय. त्याला इतका आनंद झाला की विचारू नका. दिवसभर तो जाता-येता नवऱ्याला तेच ऐकवत होता. पाया नाही, तडा नाही, पाणी नाही! त्यानं मूठभर माती उचलून कुस्करून पाहिली, वास घेतला आणि जागेवर परत ठेवली.

भाऊबीजेला संध्याकाळी मी पाट मांडला. पाट म्हणजे लाकडी स्टूल, पाय कापलेलं. रांगोळी काढली, निरांजन लावलं, सँडरिंगहॅमचे पेढे ठेवले. दादा टोपी नव्हती म्हणून डोक्यावर रुमाल धरून बसला. बारा वर्षांहून जास्त काळ ज्या गोष्टीसाठी जीव टाकला ती अशी दोन मिनिटांत होते. निरांजनाची वात फडफडत होती. अक्षता टाकल्या. दादानं खिशात हात घातला आणि तबकात एक किल्ली ठेवली. नवीकोरी, पितळी, लाल दोऱ्यात ओवलेली.

"खोलीची," तो म्हणाला. "तुह्या खोलीची."

मी त्याच्या पाया पडले. किल्ली मी उचलली नाही, तबकातच राहू दिली.

जेवायला बसल्यावर त्यानं तारखा काढल्या. शाळा कधी सुरू होते, गाडी कोणती घ्यायची, माझी परीक्षा कुठे असेल. नवरा मान हलवत होता. मुलगी ताटात बघत होती. आणि मग दादा हसत हसत म्हणाला, "तुमचं काय, सोपं हाये. खुंट्यांवरचं बिऱ्हाड. पडदे बी दुसऱ्याचेच. उचललं की चाललं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तो आल्यापासून तोच विनोद ऐकत होते, पण आता तो थेट वर्मी लागला. हे पडदे दर हिवाळ्यात मी ब्लीचनं धुतले होते. याच ओट्यापाशी उभी राहून मी परीक्षेचा अभ्यास केला होता. याच दारातून मुलगी पहिल्यांदा एकटी शाळेत गेली होती. मी वाढायचा चमचा भांड्यात टाकला.

"मंग तूच ये ना इथं! मीच काहून उठून यायचं?"

हा प्रश्न इतक्या वर्षांत आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता, मलासुद्धा नाही. दादा हसला.

"मी कसा येऊ वं? माहं सगळं तिथं हाये. आता मले तिथलंच..."

आणि तो थांबला. त्याचं हसू हळूहळू उतरलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दारामागून अर्धवट दिसणाऱ्या नकाशाकडे पाहिलं.

मी म्हटलं, "माहंही हाये रे दादा. इथं. मले ठाऊकच नव्हतं."

नवऱ्यानं उगाच पाण्याचे पेले भरले. मग दादानं ताट पुढे केलं आणि म्हणाला, "आमटी वाढ." मी वाढली. माझे डोळे वाहत होते, त्याचेही भरले होते, आणि आम्ही दोघं आमटी-भात जेवलो.

निघायच्या दिवशी मी किल्ली रुमालात गुंडाळून त्याच्या हातात दिली. त्यानं ती तशीच माझ्या मुठीत परत दाबली. "ओवाळणी वापस घेत नसतात," म्हणाला. विमानतळावर तो वळून वळून हात करत आत गेला. परत येताना वाटेत नदी आली, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर त्यानं वापरलेला टॉवेल दोन दिवस मी धुवायला टाकला नाही. मला इथेच राहायचं होतं, आणि मला दादा हवा होता. त्या दोन गोष्टी एका ठिकाणी मिळणार नव्हत्या, आणि हे दुसऱ्या कुणी ठरवलेलं नव्हतं, मीच तोंडानं म्हटलं होतं.

कागद आले, त्यांना आम्ही नकार कळवला. पुढच्या वर्षी त्याच भागात घर घेतलं, तेही खुंट्यांवरचंच. पडदे माझ्या पसंतीचे लावले. म्हातारीकडे स्वतः जाऊन लिंबाचं रोप मागितलं आणि तिनं ते फावड्यासकट दिलं. रविवारचे तास बंद झाले. नकाशा मात्र मुलीनं जुन्या घरातून स्वतः सोडवून आणला आणि आपल्या खोलीत लावला. किल्ली ओट्याच्या वरच्या खणात, काडेपेट्यांच्या शेजारी पडून असायची. काडेपेटी घेताना हाताला लागायची.

दादाचे फोन चालूच राहिले. हवापाणी, नोकरी, मुलीचे मार्क. खोलीचं नाव तो काढत नव्हता, मीही नाही. मला वाटायचं, पाहुण्यांसाठी वापरत असतील, नाहीतर भाड्यानं दिली असेल.

मग ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्हाला दुपारी कुणाकडे जेवायला जायचं होतं, म्हणून मी सकाळीच फोन लावला. बाहेर पाऊस लागलेला, काचा ओघळत होत्या. तिकडे शनिवारची संध्याकाळ. फोन वहिनीनं उचलला.

"हे बाहेर आहेत हो वन्सं, पाणी घालतायत. आज पुन्हा उकडतंय नुसतं, महिना झाला थेंब नाही."

मी म्हटलं, "नळी आहे ना? नळ सोडून आत येता येतं की."

"बाकी तिन्ही बाजूंना नळीच आहे," वहिनी म्हणाली. "तुमच्या खोलीच्या बाजूला मात्र हातानं घालतात. तासभर उभे असतात तिथे. मी म्हटलं, बंद खोली ती, कशाला एवढं? तर म्हणतात, ती बाजू सुकली तर खोली घरापासून सुटेल."

वहिनी म्हणाली, "थांबा, बोलावते."

"नको," मी म्हटलं. "बोलावू नका. होऊ द्या त्याचं."

तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं फोन मागच्या दाराशी नेला आणि दार उघडलं असावं, कारण पलीकडे टेक्ससची रातकिड्यांची किरकिर सुरू झाली, आणि तिच्यामागे मातीत मुरणाऱ्या पाण्याचा आवाज. मी वरचा खण उघडला, किल्ली मुठीत धरली आणि दादाचं पाणी घालून होईपर्यंत ऐकत उभी राहिले.